मादामच्या पसंतीची बंदूक

एरास्त त्राहान साऱ्या जगात एकाच बाईशी अहो-जाहो करून बोलायचा, आणि ती त्याची कुत्री होती. बायकोला अगं-तुगं, मेहुण्याला अरे-तुरे, आणि चर्चमधल्या फादर मेल्विनना तर तो बहुतेक वेळा नुसता हुंकार द्यायचा. पण ती काळी लॅब्रडॉर समोर आली की गडी एकदम मऊ. तिचं नावच मुळी मादाम. ‘मादाम, उठताय ना? पाऊस उघडलाय.’ ‘मादाम, कोळंबी आज जरा खारट झालीय, चालवून घ्याल का?’ ज्या बाईनं ती कोळंबी सकाळपासून बसून सोलली, ती ओडील तिथेच शेगडीपाशी उभी असायची. तिला कोणी काही विचारत नसे.

तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. मागे पोरांचा तो कलकलाट ऐकून ऐकून माणसांशी बोलायची त्याची हौस फिटली होती, असं तो सांगायचा. मला ते खरं वाटत नाही. मुळात त्याला हौस होती कधी, हाच प्रश्न आहे.

दुसरी हौस मात्र होती. आमच्या या दलदलीत, मेक्सिकोच्या आखाताला टेकलेल्या लुइझियानात, जन्माला आलेल्या पुरुषाला ती असतेच. बदकं. आणि बदकांसाठी त्याच्याकडे बापाची पंपाची बंदूक होती. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्याच्या डाव्या हाताला खोड लागली होती. झाडू, छत्री, दुकानातली ढकलगाडी, जे हाती येईल ते तो आधी मागे ओढायचा आणि मग पुढे ढकलायचा. एका रविवारी फादर मेल्विनचा हात हातात घेतला तोही असाच, आणि फादर पायरीवरून खाली आले. त्याच्या शेजारी मोठ्या खाटेवर निजायचं ओडीलनं कधीच सोडून दिलं होतं.

त्या बंदुकीनं त्यानं काय नाही केलं? होडी रेटली, साप मारले, फाटक उघडं राहावं म्हणून अडसर लावला, आणि एकदा ओडील माहेरी गेलेली असताना मोठ्या हंड्यातले क्रॉफिश, म्हणजे दलदलीतले झिंगे, तेही त्या बंदुकीनंच ढवळले. चक्रीवादळात घराचं छप्पर उडालं तेव्हा बंदूक शेजारच्या ओकच्या झाडावर सापडली. खाली उतरवली, झाडली, तर चालली. चिखलात ट्रक रुतला की चाकाखाली तो तीच सारायचा. पण गेल्या उन्हाळ्यात रुतलेला ट्रक होता मेहुण्याचा, क्लोव्हिसचा, नवा कोरा आणि दुप्पट वजनाचा. ट्रक निघाला. बंदुकीची नळी मात्र अशी वाकली की तिच्यातून झाडणाऱ्यालाच गोळी लागावी. बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “मी दुरुस्तीची कामं घेतो. पुरायची नाही.”

मग वाढदिवसाला लेकीनं ह्यूस्टनहून नवी बंदूक पाठवली. महागाची, चकचकीत, आणि आपोआप भरणारी. काही ओढायला नको, ढकलायला नको, चाप दाबत राहा. लेकीनं मोठ्या प्रेमानं पाठवली होती, म्हणून एरास्तनं तिला नावं ठेवली नाहीत. नोव्हेंबरात हंगाम उघडला तेव्हा तो, क्लोव्हिस आणि मादाम होडीतून लपणात जाऊन बसले. लपण म्हणजे गवतानं झाकलेला लाकडी खोका. आत बाक, पुढे पाणी आणि पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची बदकं. खरी बदकं आली. एरास्तनं एक पाडलं आणि सवयीनं मूठ मागे ओढली. मूठ हलेना. त्यानं आणखी जोर लावला. तिसऱ्या सकाळी मूठ तुटून हातात आली, आणि तो ती तुटलेल्या कढईच्या दांड्यासारखी हातात धरून उभा राहिला.

पण त्याचं दुःख त्याला नव्हतंच. दुःख होतं मादामचं. बदक पडलं तरी ती जागची हलली नाही.

मादाम म्हातारी झाली होती. डोळ्यांवर साय धरली होती, मागचे पाय सकाळी वेळेवर कामाला लागत नसत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लस टोचता टोचता सांगितलं होतं की हा हंगाम तिला झेपेल, पुढच्याचं काही बोलू नका. नाक मात्र शाबूत होतं. गेल्या जानेवारीपर्यंत बदक पडलं रे पडलं की ती पाण्यात झेपावायची आणि वासावर शोधून आणायची. तिला हुकूम द्यायची पद्धतच नव्हती. मादामला हुकूम देणं एरास्तला असभ्यपणाचं वाटे. ती आपली आपण जायची. आता ती त्याच्या उजव्या बाजूला ताठ बसून होती, कशाची तरी वाट बघत. ‘मादाम, जाता ना?’ असं त्यानं अगदी अजिजीनं विचारलं. क्लोव्हिसनं तिला मागून ढकललं, तेव्हा ती पाण्यातून परत वर आली, त्याच्या अंगावर पाणी झटकलं आणि पुन्हा जागेवर बसली. शेवटी क्लोव्हिसच छातीभर पाण्यात उतरून बदकं आणू लागला. घरी आल्यावर मादाम भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिनं ताटली हुंगलीसुद्धा नाही.

एरास्तनं विचार केला. दिसत तर तिला नाही. म्हणजे ती काम करते ती कानावर. धडाम तर काय, दलदलीत चहूकडून होत असतं. तिला ओळखीचा होता तो त्या जुन्या बंदुकीचा खुळखुळ आवाज. मूठ मागे, मूठ पुढे. तो आवाज आला की बदक आपलं. तो येत नाही, म्हणून मादाम बसून आहे.

क्लोव्हिस म्हणाला, माझं पिल्लू तयार होतंय, यंदा ते नेऊ, मादामला घरी ऊब घेऊ दे. त्या दिवशी एरास्तनं क्लोव्हिसला कॉफी विचारली नाही. आमच्याकडे एवढं केलं की भांडण झालं असं समजतात.

बदकांचा हंगाम आमच्याकडे दोन तुकड्यांत येतो. मधे सरकार बदकांना पंधरवडाभर सुट्टी देतं. त्या सुट्टीत मादामला पटेल अशी बंदूक मिळाली नाही, तर तिचा शेवटचा हंगाम भिंतीकडे तोंड करून जाणार होता. एरास्तला हे सहन होण्यासारखं नव्हतं. आपण आपले मेलो तरी चालेल, पण मादामनं असं संपू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तो, क्लोव्हिस आणि मादाम मिस एर्मिनच्या दुकानात गेले. मिस एर्मिन गळ, जाळी, बंदुका आणि आमिषाची कोळंबी एकाच गल्ल्यावर विकते आणि कोणाचंही मन राखत नाही. एरास्तनं खरं कारण सांगितलं नाही, लाज वाटली. टिकाऊ पंपाची बंदूक पाहिजे, एवढंच बोलला. मिस एर्मिननं एक काढून दिली. खाऱ्या हवेत गंजणार नाही, आत दोन्ही बाजूंना पट्ट्या आहेत म्हणून मूठ तिरपी होऊन अडकणार नाही, दस्ता लाकडाचा नाही म्हणून फुगणार नाही. एरास्तनं ऐकून घेतलं, ती रिकामी आहे हे पाहिलं, मूठ मागेपुढे केली आणि खाली मादामकडे बघितलं. मादाम झोपली होती.

“फारच मऊ चालते,” तो म्हणाला.

दुसरी काढली. मूठ मागे, मूठ पुढे, नजर खाली. मादाम झोपलेली. तिसरी, चौथी. कुठल्या बंदुकीत काय वाईट आहे ते मिस एर्मिनला कळेना, कारण गिऱ्हाईक बंदुकीकडे बघतच नव्हतं. शेवटी क्लोव्हिसनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पसंती आमच्या हातात नाही, ती खाली झोपलीये तिच्या हातात आहे. मिस एर्मिननं एकदा मादामकडे पाहिलं, आणि मग तिला चेव चढला. तिनं माळ्यावरच्या बंदुका काढल्या, गहाण पडलेल्या काढल्या, नवऱ्याची काढली. दुकानात खटाखट सुरू झालं. मादाम एकदाच उठली, गल्ल्यावर कोणी सॉसेज सोडलं तेव्हा.

गोष्ट गावभर झाली. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पटांगणात पुरुषांची रांग लागली. जो तो आपली पंपाची बंदूक घेऊन आलेला, काडतुसं काढून. कोणाची आजोबांची, कोणाची पुरात सापडलेली, कोणाची तारेनं बांधलेली. मधे खुर्चीची गादी घालून मादामला बसवलं होतं. एकेक जण पुढे यायचा, टोपी काढायचा, बंदूक खडखडवायचा आणि निकालाची वाट बघायचा. बायका केक घेऊन आल्या. फादर मेल्विन आत जाऊन आपली बंदूक घेऊन आले आणि रांग मोडून पुढे घुसले, त्यावरून कुरबूर झाली. मादामनं जांभई दिली ती नेमकी फादरांच्या वेळी, म्हणून ते दिवसभर खुशीत होते. बाकी तिनं कोणालाच दाद दिली नाही.

आता एरास्तचं डोकं अशा वाटेनं चालू लागलं जी सरळ होती पण कुठे जात होती ते विचारू नये. जुनी बंदूक खुळखुळत होती कारण ती तीस वर्षं झिजली होती. हलकी बंदूक घेतली तर ती खुळखुळण्याआधी मोडेल. म्हणजे घ्यायची ती गावातली सगळ्यात टिकाऊ, आणि तिची वाट लावायची ती दहा दिवसांत. त्यानं मिस एर्मिनकडून पहिली दाखवलेली तीच बंदूक घेतली. तिनं विचारलं, का रे बाबा, आता मऊ चालते ती आवडली का? तो म्हणाला, नाही, बघतो किती दिवस टिकते.

त्यानं ती मिठाच्या पाण्यात न्हाणीच्या टबात बुडवून ठेवली, आणि ओडीलला तीन दिवस अंघोळीला शेजारी जावं लागलं. चिखलात पुरली, काढली. ट्रकच्या मागे बांधून शिंपल्यांचा चुरा पसरलेल्या रस्त्यानं तळ्यापर्यंत ओढत नेली आणि परत आणली. होडी रेटली. क्लोव्हिसची कॉफी पुन्हा सुरू झाली होती, कारण त्याच्याकडे काँक्रीट कालवायचं यंत्र होतं. दोघांनी बंदूक त्यात घातली, वर घमेलंभर वाळू आणि कालवांची टरफलं टाकली, आणि यंत्र दुपारभर फिरवलं. आवाजानं शेजारणीच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं. संध्याकाळी बंदूक काढून नळाखाली धरली. वरचा रंग गेला होता, बाकी जैसे थे. एरास्तनं मूठ ओढली. मऊ, घट्ट, जशीच्या तशी. तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. असा माल बनवणाऱ्यांना त्यानं ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून कंपनीनं भिंतीवर लावून घेतल्या असत्या.

“मादाम,” तो आत येऊन हताशपणे म्हणाला, “माझ्याच्यानं होत नाही हो.”

मादाम कपडे धुवायच्या यंत्रापाशी पडली होती. ओडील तिथेच त्याचं शिकारीचं जाकीट धुवायला खिसे रिकामे करत होती. सुतळी, अर्धा पाव, बदकांना बोलवायची शिट्टी, आणि एक रिकामं काडतूस, ते हातातून निसटून मादामच्या पाठीवर पडलं.

मादाम उठली. म्हणजे कशी, तर जणू कोणी तिच्या अंगातली दहा वर्षं काढून घेतली. जाळीचं दार उघडून ती अंगणात, तिथून मागच्या नाल्यात. पाणी उडालं. एरास्त आणि ओडील दारात येतात तोवर ती परतही निघाली होती, तोंडात शेजारणीचं पाळलेलं पांढरं बदक घेऊन. बदकाला कुठे ओरखडा नव्हता, पण त्याचा अपमान झाला होता, आणि मादामच्या कानाशीच तोंड करून ते जीव खाऊन बोंबलत होतं. मादामचा कान हलला नाही.

ते ओडीलनं पाहिलं. ती आत गेली, हंड्याचं झाकण आणि पळी घेऊन आली आणि मादामच्या मागे उभी राहून तिनं ती बडवली. एरास्तनं कान झाकले. मादाम शांतपणे बदक तोंडात धरून समोर बघत होती.

“बहिरी आहे ती,” ओडील म्हणाली. “ठार.”

मग सगळं उलगडलं. त्या जुन्या बंदुकीत दमच उरला नव्हता. रिकामं काडतूस ती फेकायची नाही, नुसतं बाजूला गाळायची, आणि उजवीकडे मादाम बसलेली असायची. टपकन पाठीवर पडलं की तिला कळायचं, जायचं. नव्या बंदुका काडतूस लांब पाण्यात भिरकावत होत्या. चर्चच्या पटांगणात साऱ्या गावानं एका बहिऱ्या कुत्रीपुढे मैफल भरवली होती.

क्लोव्हिस हसून हसून जमिनीवर बसला. एरास्तला हसू आलं नाही. तो मादामजवळ बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून विचार करत राहिला, की हे कधीपासून. गुडघ्याचं दुखणं तिला सांगितलं तेव्हा? लेक फोन करत नाही म्हणून वाईट वाटतं, ते सांगितलं तेव्हा? ती त्याच्याकडे टक लावून बघायची, आणि एवढं कोणी केलं की पुरुषमाणसाला आपलं ऐकलं जातंय असं वाटतं. त्याचा चेहरा असा पडला की क्लोव्हिस उठून निमूटपणे घरी गेला.

त्यानंतर घर गप्प झालं. मादामशी बोलण्यात अर्थ नव्हता आणि दुसऱ्या कोणाशी बोलायची सवय नव्हती. तो तिची ताटली भरायचा, तिला थोपटायचा, आणि तोंडातून शब्द नाही. असे दोन-तीन दिवस गेले. मग गम्बोच्या रश्श्याचं पातेलं उतरवता उतरवता ओडीलनं ते धाडकन खाली ठेवलं.

“तू तिच्याशी बोलायला लाग,” ती म्हणाली.

“तिला ऐकू येत नाही.”

“मला येतं.” ओडीलनं हात एप्रनला पुसले. “तुझा गुडघा दुखतो हे मला कोणी सांगितलं? तू? छातीत कळ आली होती, डॉक्टरकडे जायला भितोस, हे कोणी सांगितलं? तू तिला सांगायचास आणि मी इथे उभी राहून ऐकायची. इतकी वर्षं माझा संसार असा चाललाय. ती बहिरी झाली तर झाली, तू मुका होऊ नकोस.”

खरं सांगायचं तर एरास्तला लाज वाटली. तो एवढंच म्हणाला की हंगामाचा दुसरा तुकडा परवा सुरू होतोय, आणि बंदूक धरायला त्याचे दोन्ही हात लागतात, आणि मादामच्या पाठीवर काडतूस टाकायला कोणीतरी लागेल. ओडीलनं विचारलं, क्लोव्हिस नाही का? तो म्हणाला, क्लोव्हिस धसमुसळा आहे.

अशी ओडील लग्नानंतर पहिल्यांदा लपणात आली. क्लोव्हिसला बाकाच्या टोकाला सरकावलं गेलं आणि तिथे तो फुगून बसला. मधे मादाम, तिच्या एका अंगाला एरास्त, दुसऱ्या अंगाला ओडील, एप्रनच्या खिशात रिकामी काडतुसं घेऊन. पहाट चिंब आणि बोचरी होती. ओडीलच्या अंगावर चर्चला जायचा पातळ कोट होता, आणि दात वाजत होते.

बदकं आली. एरास्त उठला, आणि मिठातून, चिखलातून, काँक्रीटच्या यंत्रातून काढलेली ती बंदूक पहिल्या झटक्यात चालली. आमच्या भागात इतकी पारखून घेतलेली बंदूक दुसरी नाही. मिस एर्मिन आता गिऱ्हाइकांना तीच सांगते, यंत्राची गोष्ट धरून. काडतूस भिरभिरत क्लोव्हिसच्या टोपीवरून पाण्यात गेलं. ओडीलनं खिशातलं एक काढलं आणि दोन बोटांनी अलगद मादामच्या पाठीवर सोडलं.

मादाम पाण्यात होती. गवतात दिसेनाशी झाली. मग तिचं काळं डोकं पाण्यावर दिसलं, हळूहळू इकडे येताना, तोंडात हिरव्या डोक्याचा नर. पायऱ्या चढायला तिला हात द्यावा लागला. ती वर आली, एरास्तला ओलांडून गेली, आणि बदक नेऊन ओडीलच्या मांडीवर ठेवलं. ज्यानं पाठवलं त्याला आणून द्यायचं, एवढं तिला समजत होतं. ओडील त्या ओल्या बदकाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एरास्त खाली बसला. त्यानं घसा खाकरला, समोर पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मादाम, थंडी फार आहे. शेजारच्या बाईंना विचारता का, माझा कोट घ्याल का म्हणून?”

“मादाम,” ओडील म्हणाली, “ह्यांना सांगा, घेते. आणि सोमवारी छातीच्या डॉक्टरकडे मी बरोबर येणार आहे, तेही सांगा.”

“मादाम, त्यांना म्हणावं, बरं.”

मादामला यातलं काही ऐकू आलं नाही. ती दोघांच्या मधे ओलीचिंब बसून राहिली, पाठ ताठ करून, पुढच्या काडतुसाची वाट बघत.